काळास कारण कोण?

महाभारताच्या शांतिपर्वात भीष्माचार्यांनी धर्मराजास एक प्रश्न सोडवून दिला आहे. काळ राजाला घडवितो की राजा काळाला घडवितो, हा तो प्रश्न. पितामहांचे उत्तर इतके निःसंदिग्ध आहे की पुढे शंका काढण्यास जागाच उरत नाही. राजाच काळाला घडवितो, ह्याविषयी तू संशय बाळगू नकोस, असे ते युधिष्ठिरास बजावतात. शाळेत संस्कृत शिकविताना हे वचन मी पुष्कळ वर्षे फळ्यावर लिहिले आणि मुलांकडून त्याचा अन्वय करवून घेतला. परंतु दर वेळी एक विचार मनात डोकावून जाई. उत्तर देणारा राजकुळातला आणि ऐकणारा तर प्रत्यक्ष राजाच! त्या संवादाच्या वेळी अठरा अक्षौहिणींच्या घोड्यांस चंदी घालणारा एखादा वृद्ध मोतद्दार जवळ उभा असता, तर त्याने कोणते उत्तर दिले असते? व्यासांनी त्याला विचारले नाही, आणि आपणांसही तो आता भेटावयाचा नाही.

आमच्या घरात मात्र हा वाद अद्याप जिवंत आहे. माझे थोरले बंधू पितामहांच्या पक्षाचे. टिळक झाले नसते तर स्वराज्य हा शब्द घरोघरी गेला नसता, गांधी झाले नसते तर खेड्यातला माणूस उंबऱ्याबाहेर पडला नसता, असे त्यांचे ठाम मत. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, एंजिनिअर आहे आणि पुष्कळ वाचतो. त्याच्या मते थोर पुरुष हा लाटेवरचा फेस. इंग्रज गेले ते दुसऱ्या महायुद्धाने त्यांची तिजोरी रिकामी झाली म्हणून. दांडीला कोणी गेले नसते तरी ते गेलेच असते! दोघांचे आवाज चढू लागले की सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणतात, "मामंजींच्या बाजूला महापुरुष, ह्यांच्या बाजूला महागाई. मधली माणसे कुठे गेली?" ह्या वादात आजवर झालेल्या भाषणांपैकी हे एक वाक्य मला सर्वांत अधिक विचार करावयास लावणारे वाटले.

बंधूंचा भरवसा मुख्यतः लोकमान्यांवर, म्हणून प्रथम तेथेच पाहू. सार्वजनिक गणेशोत्सव हे टिळकांचे कार्य म्हणून सर्वश्रुत आहे. परंतु भाऊ रंगारी यांच्याकडे पुण्यात सार्वजनिक गणपती बसला तो १८९२ साली; टिळकांनी 'केसरी'तून त्याचा पुरस्कार केला तो पुढल्या वर्षी. टिळकांच्या लेखणीवाचून तो उत्सव गल्लीबाहेर पडला नसता हे जितके खरे, तितकेच हेही खरे की गल्लीत तो आधी होता म्हणूनच लेखणीला धरावयास काही सापडले. पुढे २२ जुलै १९०८ रोजी त्यांस सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यानंतर मुंबईच्या गिरण्यांतील कामगार सहा दिवस संपावर गेले. शिक्षेच्या एकेका वर्षाबद्दल एकेक दिवस. हा हिशेब काही टिळकांनी घालून दिलेला नव्हता. ते तर सरकारच्या कैदेत होते. विरोधक त्यांस 'तेल्यातांबोळ्यांचे पुढारी' म्हणून हिणवीत. मला वाटते, त्यांच्या चरित्राला ह्याहून नेमके शीर्षक कोणा चाहत्यासही सुचले नाही.

१९३० सालची गोष्ट ह्याहूनही बोलकी आहे. मिठाच्या कायद्यावर लढा उभारावयाचा हा विचार गांधीजींनी पुढे मांडला, तेव्हा काँग्रेसमधील कित्येक जाणत्या मंडळींस तो पोरकट वाटला होता. साम्राज्याशी टक्कर द्यावयाची आणि ती मूठभर मिठावर! परंतु मीठ ही अशी वस्तू की ती सावकाराच्या आणि भिकाऱ्याच्या पानात सारखीच वाढली जाते, आणि कायदा मोडावयास तलवार लागत नाही, ओंजळ पुरते. १२ मार्च रोजी साबरमतीहून निघताना त्यांच्याबरोबर होते अवघे ७८ जण. सुमारे ३८५ किलोमीटर चालून ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर त्यांनी मीठ उचलले. पुढाऱ्याचे काम ते हे: प्रत्येकाच्या हाताला झेपेल एवढे लहान कृत्य शोधून काढणे. ह्या कामाला विलक्षण प्रतिभा लागते, आणि पुतण्याच्या महागाईच्या सिद्धांतात ती प्रतिभा कोठेच बसत नाही. युद्ध, कर्ज, मंदी ही कारणे ज्या त्या देशात असतात. मिठाची कल्पना सुचणारा मनुष्य ज्या त्या देशात नसतो.

पण पुढे काय झाले ते पाहावे. शिरोड्याला समुद्र होता, तेथे मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला. देशावर आणि वऱ्हाडात समुद्र कोठून आणावयाचा? म्हणून कोणी स्वस्थ बसले नाही. जंगले सरकारने राखीव केलेली. गुरांना चारावयाचे तर पैसे भरा, गवत कापाल तर गुन्हा. हे दुःख रोजचे होते. तेव्हा १० जुलै रोजी पुसदला लोकनायक बापूजी अण्यांनी गवत कापून कायदा मोडला. सातारा जिल्ह्यात बिळाशीला, रायगडाच्या बाजूस चिरनेरला, ठिकठिकाणी जंगल सत्याग्रह झाले. २५ सप्टेंबरला चिरनेरच्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि माणसे मेली. दांडीचा मंत्र गावोगाव गेला खरा, पण प्रत्येक गावाने त्यात आपले द्रव्य घातले. यज्ञ एकच; समिधा कोणी आणल्या, त्या कोणत्या झाडाच्या, हे यजमानाला ठाऊकही नव्हते.

येथवर बंधू आणि पुतण्या दोघांसही थोडे थोडे मान्य होण्यासारखे आहे. खरी कसोटी लागते ती १९४२ साली. कारण त्या वर्षी सरकारने, जणू आमचा वाद मिटविण्यासाठीच, एक प्रयोग करून दाखविला. ८ ऑगस्टच्या रात्री मुंबईत गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि ९ तारखेच्या पहाटे सारे पुढारी उचलले गेले. गांधीजी पुण्यास आगाखान पॅलेसमध्ये. नेहरू, वल्लभभाई, मौलाना आझाद आदी कार्यकारिणीचे सभासद अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात. पुढारी हेच जर एकमेव कारण, तर कारणाचा नाश झाल्यावर कार्य थांबावयास हवे होते. न्यायशास्त्र तेच सांगते. प्रत्यक्षात काय घडले? त्याच दिवशी अरुणा असफ अलींनी गवालिया टँकवर झेंडा फडकविला. त्याच महिन्यात उषा मेहता ह्या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीने आपल्या सोबत्यांसह मुंबईत गुप्त नभोवाणी केंद्र चालू केले. ते पोलिसांच्या हाती लागले नोव्हेंबरमध्ये. आणि साताऱ्यात तर एक निराळेच राज्य उभे राहिले.

त्या वेळचा सातारा जिल्हा मोठा होता; आजच्या सांगली जिल्ह्याचा पुष्कळसा भाग त्यातच मोडे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कऱ्हाड, तासगाव, वडूज, इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर शेतकऱ्यांचे मोर्चे गेले. ९ सप्टेंबरला वडूजला आणि १० सप्टेंबरला इस्लामपूरला गोळीबार झाला. वडूजला परशुराम घार्गे आणि त्यांच्या बरोबरीचे कित्येक जण तेथेच पडले. उघड मोर्चे अशक्य झाले तेव्हा मंडळी भूमिगत झाली, आणि १९४३ पासून १९४६ पर्यंत क्रांतिसिंह नाना पाटील यांचे 'प्रति सरकार' त्या खेड्यांतून चालले. गावोगावी न्यायदान मंडळे तंटे तोडीत. सावकाराच्या आणि गुंडाच्या जाचाला आळा घालीत. हुंडा, मानपान, जेवणावळी ह्यांस फाटा देऊन थोड्या खर्चात 'गांधी विवाह' लावीत. कुंडलला जी. डी. बापू लाड यांची तूफान सेना होती. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ तिने सरकारी पैसा नेणारी आगगाडी अडविली. शिक्षेचा प्रकारही त्या सरकारचा स्वतःचा असे. तळपायांवर फटके मारण्यावरून लोक त्यास 'पत्री सरकार' म्हणू लागले, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. हा प्रकार मला आवडत नाही. कचेरी गोऱ्याची असो की आपली, ज्याचे तळवे सोलले त्याला अपील कोठे करावयाचे हा प्रश्न राहतोच. तथापि आगाखान पॅलेसमधून कोणी आज्ञा देत नसता, चार वर्षे शेतकऱ्यांनी एवढा व्याप चालविला ही गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही.

ह्यावर पुतण्या टाळी देण्यास हात पुढे करतो. परंतु मी तो घेत नाही. कारण हे राज्य आकाशातून पडले नव्हते. नाना पाटील पूर्वी तलाठी होते; सातबारा आणि शेतकऱ्याचे कर्ज ह्या दोन्हींची त्यांस चांगली ओळख होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाचे जलसे त्या खेड्यांतून अनेक वर्षे होत आले होते, आणि भटजीवाचून लग्न लावता येते ही कल्पना त्या भागास नवी नव्हती. (आमच्या समाजातील वाचकांस हे वाक्य थोडे टोचेल, पण इतिहासात टोचणारी वाक्ये गाळली तर उरते ती वंशावळ.) शिवाय कुंडल होते औंध संस्थानात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली आपल्या हाताने राज्याधिकार प्रजेस देऊन टाकला होता. इंग्रजी हद्दीतला पाठलाग चुकविण्यास ह्या संस्थानाची सीमा फार उपयोगी पडे. काळास राजा कारण होतो हे पितामहांचे वचन मला कोठे पटले असेल तर ते ह्या लहानशा संस्थानात. मात्र तेथील राजा कारण झाला तो राज्य सोडून.

तेव्हा पुढारी की जनता, ह्या दोन शब्दांच्या कैचीतच मला काही तरी चुकीचे दिसते. 'महापुरुष' ह्या शब्दाने जसा अन्याय होतो, तसाच 'जनता' ह्या शब्दानेही होतो. पहिल्याने एकाचे नाव घेऊन बाकीच्यांस विसरता येते. दुसऱ्याने सर्वांचा एकदम गौरव करून कोणाचेच नाव न घेण्याची सोय होते. चौथीच्या पुस्तकातील शिवरायांच्या चरित्रात मुलांस तानाजी, बाजीप्रभू, शिवा काशीद अशी काही नावे भेटतात. उरलेले सारे 'मावळे'. मोर्चा हा शब्द एकवचनी आहे, पण तो कधी एकाने काढलेला नसतो आणि 'सर्वांनी'ही काढलेला नसतो. एका गावी तो निघतो आणि शेजारच्या गावी निघत नाही. कारण त्या गावात वीस-पंचवीस माणसांच्या घरी आदल्या रात्री जाऊन "उद्या यायचं बरं का" असे सांगणारे कोणी तरी असते आणि ह्या गावात ते नसते. राष्ट्राचा काळ बदलतो तो ह्या मनुष्याच्या हातून, असे माझे मत आहे. पुढारी त्याच्यापर्यंत शब्द पोचवितो. त्या शब्दाचे पुढे काय व्हावयाचे ते हा ठरवितो. आणि तो नेहमीच चांगले ठरवितो असे नाही.

ते कसे, हे सांगण्यास मला आमच्या घरात शिरावे लागेल.

आमचे आजोबा त्याच जिल्ह्यातील एका खेड्यात राहत. थोडी जमीन, ती कुळाकडे, थोडी भिक्षुकी, आणि पोथ्या. बेचाळीस साली भूमिगतांची पत्रके काढण्याचे सायक्लोस्टाइलचे यंत्र काही महिने आमच्या देवघरात, होमाच्या सामानाच्या पेटीत होते. आजोबांस आपण फार मोठे काही करीत आहो असे वाटत नसे. ठेवावयास दिले, ठेवले. आजीला तर यंत्राचे नावही ठाऊक नव्हते. रात्री किती भाकऱ्या थापावयास सांगितल्या ह्यावरून आज माळ्यावर किती जण आले आहेत ते तिला कळे. पत्रके पुढच्या गावी नेई आमच्या कुळाचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा. वैरणीच्या भाऱ्यात घालून.

३० जानेवारी १९४८ रोजी नथुराम गोडसे याने गांधीजींचा खून केला. खुनी महाराष्ट्रीय ब्राह्मण होता हे कळताच पुणे-मुंबईपासून सातारा, सांगली, कोल्हापूरपर्यंत ब्राह्मणांच्या घरांस आगी लागल्या. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. व्यंकटेश माडगूळकर बेचाळीसच्या चळवळीसाठी घर सोडून गेलेले. पुढे त्या जाळपोळीवर 'वावटळ' ही कादंबरी त्यांनीच लिहिली. आमचे घर जळाले ते फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. ज्या देवघरात सरकारला उलथविण्याचे यंत्र लपले होते, तेच आधी पेटले.

ह्या आगीवरून माझ्या बंधूंनी एक निष्कर्ष काढला आहे आणि तो मला टाकाऊ वाटत नाही. चौरीचौऱ्याला जमावाने पोलीस ठाणे जाळले तेव्हा, फेब्रुवारी १९२२ मध्ये, गांधीजींनी देशभरची चळवळ थांबविली. सप्टेंबर १९४७ मध्ये कलकत्त्यात आणि जानेवारी १९४८ मध्ये दिल्लीत त्यांनी उपोषण करून पेटलेली माणसे शांत केली. लोकांस चालविणारे पुष्कळ मिळतात. लोकांस थांबविणारा विरळा. त्या फेब्रुवारीतील आग ज्याच्या एका शब्दाने थांबली असती असा मनुष्य देशात एकच होता, आणि ती लागली होती त्याच्याच मृत्यूने. बंधू हे सांगतात तेव्हा पुतण्याही गप्प बसतो. महागाईने आग लागू शकते. महागाई कमी झाल्याने घर विझत नाही.

परंतु बंधू तेथे थांबतात, आणि मला आणखी चार पावले पुढे जावे लागते. कारण घर जळाले तरी घरातील माणसे वाचली. वडील तेव्हा चौदा वर्षांचे, आत्या दहा वर्षांच्या. जमाव वेशीपाशी जमत असताना तोच कुळाचा मुलगा, आता बाविशी-तेविशीचा, परसाकडून बैलगाडी घेऊन आला. आजी देव्हाऱ्यातले टाक पदरात बांधून बसली. वर कडब्याच्या पेंढ्या टाकल्या. रात्रभर चालून त्याने सर्वांस आगगाडीच्या स्टेशनावर आणून सोडले. वाटेत दोनदा गाडी अडविली गेली आणि दोन्ही वेळा तो काय बोलला ते आत्यांस कडब्याखालून नीट ऐकू आले नाही. त्याचा सख्खा भाऊ त्या रात्री जमावात होता. एकाच घरचे, एकाच ताटात जेवलेले दोघे. आता ह्यांतील 'जनता' कोणती म्हणावयाची?

आणि त्याने हे का केले असावे, हाही प्रश्न सोपा नाही. आम्ही गेलो असतो तर जमीन त्याचीच होती. पुढे तशी ती झालीही. त्याच वर्षी कुळवहिवाटीचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ रोजी कसणारा तो मालक ठरला. कायद्याने ठरविलेली किंमत त्याने हप्त्याहप्त्याने पुरी फेडली. आजोबांनी त्याविषयी कधी वाईट शब्द काढला नाही. वडिलांनी मात्र पुढे हयातभर त्या गावाचे नाव उच्चारले नाही, गाडीवाल्याचेही नाही. पुण्याच्या दोन खोल्यांत ते वाढले, नोकरीस लागले, आणि 'बहुजनसमाज' हा शब्द वर्तमानपत्रात आला की पान उलटीत. त्यांस दोष देण्याचा अधिकार मला नाही; ते त्या कडब्याखाली होते, मी नव्हतो.

हे सर्व आज लिहिण्यास कारण असे की, आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत सुधारून पुन्हा छापला जात आहे आणि आमच्या शाखेची माहिती पाठविण्याचे काम मजकडे आले. छापील कागदावर रकाने आहेत: नाव, जन्म, शिक्षण, व्यवसाय, विवाह, अपत्ये, विशेष कर्तृत्व. आजोबांच्या नावापुढे शेवटच्या रकान्यात '१९४२ च्या स्वातंत्र्यसंग्रामात सहभाग' असे घालावे, अशी बंधूंची सूचना. ती मी आनंदाने मान्य केली. आजीच्या नावापुढे 'भूमिगतांसाठी स्वयंपाक' असे मी लिहिले. आणि खाली टीप म्हणून गाडीवाल्याचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव आणि त्या रात्रीची हकीकत चार ओळींत दिली. (ते नाव येथे देत नाही, त्याच्या नातवंडांची अनुमती अद्याप घ्यावयाची आहे.) संपादक मंडळाचे उत्तर सौजन्यपूर्ण होते: टीप हृद्य आहे, परंतु सदर गृहस्थ आपल्या कुलातील नसल्याने घालता येत नाही. पुतण्याने ते पत्र मोठ्याने वाचले आणि म्हणाला, "अण्णाकाका, त्यांना कळवा, कूळ तर ते होतेच!"

मी तसे कळविले नाही. निराळा कागद जोडून टीप पुन्हा पाठविण्याचे ठरविले आहे. त्यावरून घरात आता नवाच वाद निघाला आहे. बंधू म्हणतात, त्याचे नाव छापावयाचे तर त्याच्या भावाचेही छापले पाहिजे. सत्य सांगावयाचे तर पुरतेच सांगावे. मला त्यात तथ्य वाटले, म्हणून आत्यांस विचारले. नव्वदीच्या घरातील आत्या जपमाळ खाली ठेवून म्हणाल्या, "त्याचे नाव मला चांगले आठवते, पण मी सांगणार नाही."